तिरडीला दिलेला खांदा

दुपारी गल्लीतून वसंतरावांची अंत्ययात्रा निघाली. शेजारचे बापूसाहेब सामाईक भिंतीवरून त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडत आले होते. ते घराच्या पायऱ्या उतरले, तापल्या रस्त्यावर अनवाणी पुढे झाले आणि त्यांनी तिरडीला खांदा दिला.

परतल्यावर मी विचारलं, "बापूसाहेब, तुमचं तर बोलणंही नव्हतं ना?"

"नव्हतं. म्हणून काय त्याला पोचवायलाही जायचं नाही?"

मी कादंबऱ्या लिहितो. एखादं पात्र मेलेल्या माणसाशी कसं वागतं, यावरून ते मला खरं कळतं. तिथे परतफेडीची आशा नसते.

माझ्या नव्या कादंबरीतला दुष्ट जमीनदार वैऱ्याचं प्रेत पाहून हसत होता. संध्याकाळी मी ते पान फाडलं. आता तो वाकून प्रेतावरची सरकलेली चादर नीट करतो. त्यानंतर त्याचा तिरस्कार करणं मला जमलेलं नाही.