मशीनकाकांची बोलायची पाळी

मशीनकाका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. सरळ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. मशीन आलं की ते आधी नुसतं चाक फिरवून कान लावायचे आणि सांगायचे, "शटल घासतंय." उघडून पाहिलं की तेच निघायचं. बोलण्याचं खातं मात्र त्यांच्या बायकोकडे होतं. काकूंनी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, आणि निवृत्तीनंतरही त्यांची लाइन कधी बंद पडली नाही. गल्ली त्यांना रेडिओकाकू म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा.

वाचनालयाच्या सभागृहात दर वर्षी हौशी कलाकारांचा महोत्सव होतो. सहा वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत कुणीही नाव द्यावं आणि दहा मिनिटं घ्यावीत. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. भरवतात आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि विंगेत घंटा घेऊन मी उभा असतो. तिथूनच मी या दोघांचं 'प्रवासाची तयारी' हे नाटुकलं एकवीस वेळा पाहिलं. काकू बॅग भरता भरता अखंड बोलायच्या आणि काका शेजारी उभं राहून फक्त "बरं" म्हणायचे. अकरा वेळा, आणि अकराही वेळा वेगळ्या सुरात. लोक हसून बेजार व्हायचे.

मग एका सकाळी भांडी घासताना काकूंच्या हातून पातेलं निसटलं. मेंदूचा झटका. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. दोन महिन्यांनी एकच शब्द परत आला: "कशाला". पाणी हवंय? "कशाला." मुलीचा फोन आलाय. "कशाला!" वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी काकांना समजावलं, "डोक्यात सगळं आहे त्यांच्या. तोंडाशी येईपर्यंत हा एकच उरतो." हळूहळू काकांना कळू लागलं, कुठला 'कशाला' म्हणजे हो, कुठला म्हणजे नको, आणि कुठला म्हणजे आता गप्प बसा.

महोत्सव जवळ आला तशा डॉक्टरीणबाई त्यांच्या घरी गेल्या. फॉर्म पर्समधून काढावा की नाही, अशा घुटमळत होत्या. काका म्हणाले, "यंदा राहू द्या." तेवढ्यात काकूंनी डाव्या हाताने पर्समधून फॉर्म ओढला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"अगं, पण बोलणार कोण?"

काकूंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"मी? मी कशाला?"

यावर काकू अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

तालमीला मला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. नाटुकलं कधी कागदावर उतरलंच नव्हतं, सगळं काकूंच्या तोंडी. आता बोलायची पाळी काकांची, आणि त्यांना सलग चार वाक्यं आठवेनात. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त येत होतं. काका खुर्चीत बसून राहिले.

"एकवीस वर्षं हिच्या शेजारी उभा राहिलो," ते म्हणाले, "आणि ऐकलं काय, तर माझी पाळी कधी येते तेवढंच. कान लावले ते मशीनला."

काकूंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "कशाला!" याचा अर्थ मलाही कळला. काका उठले.

पुढचे तीन आठवडे ते ज्याला त्याला विचारत फिरले: छत्रीच्या वेळी ही काय म्हणायची? मफलरवर कुठला टोमणा होता? कुणाला एक वाक्य आठवायचं, कुणाला अर्धं. दुकानात मशीनला तेल घालतानाही ते पुटपुटायचे; गिऱ्हाइकांना वाटे, आपल्यालाच बोलताहेत.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. मधोमध टेबलावर बॅग, शेजारी खुर्चीत काकू. काकांनी सुरुवात तर झकास केली. तिकिटं झाली, कुलूप झालं, मागच्या प्रवासाची उणीदुणी झाली. प्रत्येक वाक्यावर काकूंचा "कशाला?" असा पडायचा की हशा थांबायचा नाही. आणि मग मध्येच काका अडकले. तोंड उघडं, शब्द नाही. पुढच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं.

काकूंनी बॅगेत हात घालून छत्री काढली आणि वर धरली. "कशाला?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. हे तालमीत नव्हतं. "तू भिजतेस म्हणून," ते म्हणाले. "तुला सर्दी झाली की मला झोप लागत नाही."

काकूंनी बॅगेतून सपाट तळाची चप्पल काढली. "कशाला?"

"तुझा पाय घसरतो आता. मी मागे असतोच, पण कधी पुढे गेलो तर?"

एक-एक वस्तू निघत गेली आणि काका उत्तरं देत गेले. कधी लोक हसायचे, कधी एकदम शांत व्हायचे. दहा मिनिटं झाली तशी मी सवयीने घंटा वाजवली. काकूंनी विंगेकडे मान वळवली आणि दरडावून विचारलं, "कशाला?" लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मी घंटा खाली ठेवली.

शेवटी बॅग रिकामी झाली. काकूंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. या वेळी आवाज अगदी हळू होता. "कशाला?"

तो नाटकातला प्रश्न होता की खराच, हे मला आजही सांगता येणार नाही. काकांनी चष्मा काढून पुसला.

"अगं, जायचं कुठे ते तुलाच ठाऊक," ते म्हणाले. "मी कधी विचारलंय?"

लोक हसले. काका हसले नाहीत.

पडदा पडल्यावर एक बाई विंगेत आल्या. त्यांच्या वडिलांचीही वाचा अशीच गेली होती, आणि ते दोन वर्षं घराबाहेर पडले नव्हते. "त्यांना तुमच्याकडे आणलं तर चालेल?" असं त्यांनी भीत भीत विचारलं. काका म्हणाले, "गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं. या." आता घरात मावत नाहीत म्हणून दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाचा गेलेली अशी सात माणसं जमतात. काकूंकडे सध्या पाच शब्द आहेत. यंदाच्या महोत्सवात त्या बाईंचे वडील टेबलावर ठेका धरणार आहेत. कार्यक्रमाच्या यादीत त्यांचं नाव मुलींच्या नाचाच्या लगेच खाली लिहिलंय.