डाव्या बाजूचा शॉकअप

१९८४ च्या जानेवारीतला शेवटचा रविवार. गाडीचा मागचा शॉकअप एक, किंमत एकशे चाळीस रुपये. हजर माणसं तीन: गाडीखाली मी, डिकीत माझी पत्नी सुमन, आणि कुंपणाजवळ हात बांधून उभे असलेले आमचे शेजारी गायकवाड, ज्यांना तिनं नुकतंच डिकीतून उठवलं होतं. सुमन मार्चमध्ये गेली. भेटायला येणारे लोक तिच्या शाळेबद्दल बोलतात, तिनं शिकवलेल्या मुलींबद्दल बोलतात, आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र ती डोळ्यांसमोर येते ती डिकीत बसलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात पाना. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचं तर मला गाडीपासूनच सुरुवात केली पाहिजे.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भांडार विभागात नोकरीला, ती नाशिकरोडच्या शाळेत शिक्षिका. मूलबाळ नाही. बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याची जुनी गाडी आम्ही चौऱ्याहत्तर साली घेतली, तेव्हा वसाहतीत दुसरी गाडी नव्हती. गायकवाड पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाले, "जयभीम साहेब! माणसं दोन आणि चाकं चार, हा हिशेब कसा लावला?" सुमन आतूनच म्हणाली, "भाऊ, चालू होत नाही तेव्हा मागून ढकलायला चौघं लागतात. त्यात तुम्हाला धरलंय आम्ही." पुढे खरोखरच गायकवाडांनी ती किती वेळा ढकलली, त्याची मोजदाद मीसुद्धा ठेवली नाही.

गाडी गॅरेजमध्ये द्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. आपल्या हातून झालेलं काम कसं झालंय ते आपल्याला माहीत असतं, एवढंच त्याचं कारण. बहुतेक कामं मी एकटा करत असे. मागच्या शॉकअपचं काम मात्र एकट्यानं होत नाही. तो उभा बसतो. खालचं टोक चाकाजवळ बोल्टानं धरलेलं असतं आणि वरची दांडी डिकीच्या तळातल्या भोकातून वर निघते. तिच्यावर रबर, वाटीसारखा वॉशर, मग नट, आणि तो सुटू नये म्हणून वर लॉकनट. खालच्या माणसानं दांडी भोकात आणायची आणि वरच्या माणसानं ती दिसल्याबरोबर पकडायची. उशीर झाला की ती पुन्हा आत जाते. मधे पत्रा असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि बोललेलंही नीट ऐकू येत नाही. शहात्तर साली पहिल्यांदा हे काम काढलं तेव्हा मी खालून ओरडत होतो, ती वरून ओरडत होती, आणि सगळी वसाहत समजली की आमचं भांडण चाललंय. दुसऱ्या बाजूला लागण्याआधी सुमननं पाना पत्र्यावर आपटून नियम सांगितले. "एक ठोका म्हणजे धरलंय. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे मला बाहेर काढा, पाय आखडले." त्यानंतर आम्ही त्या कामात कधी ओरडलो नाही. पत्र्याखाली पडल्या पडल्या ठोका ऐकू आला की मला फार बरं वाटायचं... हे मी तिला कधी सांगितलं नाही, तशी वेळही कधी आली नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. मणक्यात गाठ निघाली. मुंबईला नेऊन आणलं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते करू द्या. घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, तुला आवडेल ते करू द्या म्हणाले. ती म्हणाली, "मग मला नांदगावला न्या. आईला भेटायचंय."

नांदगाव तिचं माहेर. आईला दिसत नव्हतं, चालता येत नव्हतं. तिला इकडे आणणं शक्य नव्हतं. रेल्वेनं जावं तर डब्याच्या पायऱ्या सुमनला चढवेनात. राहिली आमची गाडी. पण गाडीचे मागचे शॉकअप पार गेलेले होते. मागचा कोपरा दाबून सोडला की गाडीनं एकदा वर येऊन थांबायला हवं. आमची चांगली तीन-चार वेळा डुलत राही. दवाखान्यात जायच्या रस्त्यावर एका खड्ड्यात ती अशी कळवळली की पुढे सगळा रस्ता मी पहिल्या गिअरमध्ये काढला. मनमाडच्या पुढचा रस्ता मला माहीत होता. त्या रस्त्यावर तिला तशा गाडीतून नेणं मला जमलं नसतं.

दुकानात एकच शॉकअप मिळाला. दुसरा मुंबईहून यायचा होता, कधी ते दुकानदाराला सांगता येईना. मी तो घरी आणून फळीवर ठेवला. शॉकअप जोडीनंच बदलायचे असतात. एक नवा आणि एक जुना असला तर गाडी एका अंगानं चालते. हे मी तिला समजावून सांगितलं. दुसरा येऊ दे, मग दोन्ही एकदम बसवू. ती पलंगावरून ऐकत होती.

"अहो, मी काय दोन्हीकडे बसणार आहे का?"

मी म्हणालो, म्हणजे?

"एका बाजूला बसवा. मी त्या बाजूला बसते."

भांडारात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जोडी फोडणं म्हणजे काय वाटतं, ते मला इथे नीट सांगता येणार नाही. तरी रविवारी सकाळी मी गाडी जॅकवर घेतली, चाकांना विटा लावल्या, आणि डिकीत बसायला गायकवाडांना बोलावलं. गायकवाड मनापासून आले, पण त्यांना दांडी काही पकडता येईना. मी वर सारायचो, ते "आली, आली!" म्हणायचे आणि दांडी परत आत. सुमन ओट्यावर खुर्चीत बसून बघत होती. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, उठा तुम्ही. तुम्ही आपलं ढकलायचं काम करा."

मी गाडीखालून बाहेर आलो आणि नको म्हणालो. ती म्हणाली, "मला आवडेल ते करू द्या म्हणालेत ना?"

आम्ही दोघांनी तिला उचलून डिकीत बसवलं, पाठीशी दोन उश्या दिल्या. तिचं वजन इतकं कमी झालं होतं की गाडी जरासुद्धा खाली बसली नाही; ते गायकवाडांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. मी खाली गेलो. दांडी वर सारली. एक ठोका. हळू होता, पण एकच होता. मग वर नट फिरण्याचा आवाज, मधे मधे थांबत. किती वेळ ते चाललं... मी खालचा बोल्ट केव्हाच आवळून ठेवला होता आणि नुसता पडून ऐकत होतो. शेवटी तीन ठोके आले. मी घाईनं बाहेर आलो तर ती घामानं भिजलेली होती आणि हसत होती. "बघून घ्या घट्ट झालाय का," म्हणाली. मी पाना न लावता म्हणालो, झालाय.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. डाव्या बाजूला गोधडी दुमडून ती मागे बसली. ओझर, चांदवडपर्यंत बरा रस्ता होता. मनमाड सोडल्यावर खड्डे सुरू झाले. डाव्या बाजूनं गाडी शांतपणे खाली जायची आणि वर यायची, उजव्या बाजूनं आदळायची, आणि उजव्या बाजूला मी. यंत्राच्या नियमानं हा फरक इतका पडावा का, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आरशात बघत होतो. ती म्हणाली, "तुमच्या बाजूचा रस्ता खराब दिसतोय. माझ्या बाजूला डांबर आहे." मी म्हणालो, सरकारनं अर्धाच केलाय. त्यावर ती नांदगाव येईपर्यंत अधूनमधून हसत होती.

आईनं तिच्या तोंडावरून, दंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लय वाळली गं पोरी. हा काय जेवू घालत नाय व्हय?" सुमन म्हणाली, "आई, हे सगळं मोजून वाढतात." दोन दिवस आम्ही राहिलो. आईच्या हातचा घास ती लहान मुलासारखा तोंड उघडून घेत होती. येताना ती जवळजवळ सगळा वेळ झोपली होती, आणि मला वाटलं, एवढं तरी जमलं.

सुमन गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, माणसं पांगल्यावर, दुकानदाराचा निरोप आला की दुसरा शॉकअप आलाय. मी तो आणला. पुढच्या रविवारी गाडी जॅकवर घेतली, विटा लावल्या, खाली जाऊन दांडी भोकात सारली. ती वर गेली, थांबली, आणि परत आत आली. मी पुन्हा सारली. गायकवाड घरीच होते, हाक मारली असती तर आले असते. मी मारली नाही. बराच वेळ तसाच पडून राहिलो. मग बाहेर येऊन जुना शॉकअप जसा होता तसा लावला आणि सोमवारी गाडी देवळालीगावातल्या रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रशीदभाई खाली गेले, त्यांचे थोरले भाऊ डिकीत बसले. दोघं एकमेकांना ओरडून सांगत होते. अर्ध्या तासात काम झालं. मग थोरल्या भावांनी सहज डाव्या बाजूच्या नटाला पाना लावून पाहिला. "साहेब, ये बाजूका कोणी बसवलं? लॉकनट आहे, पडणार नाही, पण नट हाताला हलका लागतो. एक फेरा देऊन टाकू?"

भांडारात असा नट मी कोणालाही ठेवू दिला नसता.

"राहू द्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. गाडी आता दोन्ही बाजूंनी सारखी चालते. मागे कोणी बसत नाही. मी रशीदभाईंना मजुरी विचारली. ते म्हणाले, पंधरा. कसे, विचारलं तर म्हणाले, दहा खालच्या कामाचे आणि पाच डिकीत बसणाऱ्याचे. दहा रुपये रशीदभाईंना दिले. पाच त्यांच्या थोरल्या भावाच्या हातात वेगळे दिले.