परवा नको, तेरवा

“आई, परवा माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तुम्ही उचलला होता का?”

मी नाही म्हटलं.

शनिवारची दुपार, पावणेतीन वाजलेले. इथे परदेशात, बुकित बातोक भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर सून मुग्धा लॅपटॉप उघडून बसलेली, आणि समोर मी आळूच्या पानांच्या शिरा काढत होते. कुठल्या तरी लांबच्या देशात, जमिनीच्या पोटात नऊ माणसं उतरलेली होती आणि त्यांचा आवाज वर येत नव्हता. हे मुग्धाला तेव्हा माहीत नव्हतं, तिला नुसता संशय आला होता. मला माहीत होतं. नऊ आकडा नव्हता माहीत, पण माणसं असणार हे माहीत होतं. तरी नाही म्हटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, भारतात बहिणीला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत नाही, म्हणून असेल.

आधी मुग्धाचं काम सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण हे काम मला समजतं — माझे वडील पाटकरी होते. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची, किती वाजता, हे वहीत लिहायचं आणि त्याप्रमाणे दार उघडायचं. मुग्धाचं तेच, फक्त पाण्याच्या जागी हवेतल्या लहरी. खाणी, गोदामं, कारखाने आपापलं वायरलेस चालवतात. लहरी मात्र सगळ्यांत वाटून घ्यायच्या. म्हणून एक मोठी नोंदवही. प्रत्येकाचं यंत्र थोड्या थोड्या वेळाने वहीकडे हजेरी लावतं — मी आहे, बोलू का? वहीने हो म्हटलं तर बोलायचं. उत्तरच आलं नाही, तर दुसऱ्याच्या पाळीत घुसू नये म्हणून यंत्र आपणहून गप्प बसतं.

आणि वही कधी तरी दुरुस्तीला काढावीच लागते. गाळ काढायला कालवा बंद ठेवतात तसं. तेवढा वेळ सगळे गप्प. तो वेळ ठरवणं हे मुग्धाचं काम.

सोपं वाटतं ना? वडिलांना एका गावच्या बारा शेतकऱ्यांची मान एकदम होकारात हलवता आली नाही कधी. हिची चाळीसेक ठिकाणं, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, प्रत्येकाची तक्रार वेगळी. ती आवाज चढवत नसे. एकेकाला फोन करून विचारायची, तुमच्याकडे त्या वेळी कोण कामावर असतं, किती जण, त्यांना घरी पाठवता येईल का? माणसांची नावंसुद्धा लक्षात ठेवायची. आमचे वडील असते तर त्यांनी तिला वही आणि किल्ल्या दोन्ही देऊन टाकल्या असत्या. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेलं नाही. उलट म्हणायची, दिवसभर फोनवर बोलायचे पैसे मिळतात का ग तुला? ती हसून म्हणायची, “बोलायचे नाही आई, ऐकायचे मिळतात.”

त्या वेळी दुरुस्तीचा दिवस खरं तर रविवार निघाला होता. सगळ्यांना सोयीचा. पण त्याच रविवारी आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. गुरुजी ठरलेले, इथल्या मराठी मंडळातली चौदा माणसं जेवायला. मी तोंड पाडून बसले. श्राद्धाच्या दिवशी सून त्या डबड्यापुढे बसणार? लोकांनी काय म्हणायचं? मुग्धाने दोन आठवडे खपून चाळीस ठिकाणांना रविवारवरून शनिवारवर आणलं. माझ्यासाठी. मी बरं झालं एवढंच म्हटलं.

गुरुवारी ती आंघोळीला गेली होती. फोन ओट्यावर वाजत होता, थांबेना, म्हणून उचलला. खाणीवरचा एक आपल्याकडचा माणूस, हिंदीत बोलणारा. माताजी, मॅडमना सांगा, आमचा खालचा पंप बिघडलाय, शनिवारी माणसं उतरवावी लागणार, तेव्हा परसों नको, एक दिवस पुढे करा. लिहून नंतर पाठवतो, आधी कानावर घाला. मी म्हटलं, हां, बोलती हूँ.

परवा नको, तेरवा. तेरवा म्हणजे रविवार.

आणि मी सांगितलं नाही.

विसरले नाही हो. विसरले असते तर हे लिहायची गरज काय होती? ती केस पुसत बाहेर आली, कुणाचा फोन होता का म्हणालीही नाही, आणि मी गॅसवरचं दूध बघत राहिले. पुढे मनाशी एक पळवाटही काढली. परवा हा शब्द दोन्हीकडे जातो — गेलेला दिवस तोही परवा, येणारा तोही परवा. म्हटलं, तो गेल्या मंगळवारचंच काही सांगत असेल, माझं हिंदी कच्चं आहे. खोटं. मला नीट कळलं होतं. मला चौदा पानांवर सुनेच्या हातचं वाढून हवं होतं. वाटलं, तो लिहून पाठवणारच आहे, मी कशाला बोलू? त्याने पाठवलं नाही. पंपाच्या गडबडीत राहिलं म्हणे.

शनिवारी दोनला वही बंद झाली. पावणेतीनला मुग्धाला पडद्यावर दिसलं की सगळीकडची यंत्रं ठरल्याप्रमाणे बंद आहेत, पण त्या खाणीतली एकसारखी हजेरी मागताहेत. म्हणजे कुणी तरी बंद करायला विसरलं, नाही तर खाली माणसं काम करताहेत. तिने खाणीवर फोन लावले, कुणी उचलेना. तेव्हा तिने माझ्याकडे मान वळवली आणि तो प्रश्न विचारला. परवा — या खेपेला मागचा परवा.

मी नाही म्हटल्यावर तिने आपला फोन हातात घेतला, अंगठ्याने खाली खाली सरकवला. एका जागी थांबली. माझ्याकडे बघितलं, डोळ्याचं पातं लवेल इतकंच. मग लॅपटॉपवर जोडलेल्या ऑफिसच्या लोकांना म्हणाली, “थांबवा. जुनी वही परत चालू करा.”

पलीकडून तिचा साहेब चिडला. अर्धं काम झालंय, सगळं वाया जाईल, परत चाळीस जणांना कोण मनवणार? कशावरून माणसं आहेत तिथे?

“मी मनवीन. आधी चालू करा.”

 माझ्या हातातल्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या.

वीस मिनिटांनी खाणीवरून फोन आला. पंपापाशी नऊ माणसं होती, पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि वरच्यांना कळवायची सोय गेलेली. आवाज परत सुरू झाला, वरच्यांनी पाणी दुसरीकडे वळवलं. सगळे आपल्या पायांनी चालत वर आले.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. आळूचं फतफतं, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं तिने केलं, चौदा पानं वाढली. मंडळातल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहात, अशी सून मिळाली. मी हो म्हटलं. ते मात्र खरं होतं.

मग ऑफिसात चौकशी. त्या माणसाने सांगितलं, गुरुवारी फोन केला होता. मुग्धाने सांगितलं, हो, माझ्या फोनवर आला होता, चूक माझी. बढतीचं पत्र यायचं होतं ते आलं नाही. वेळ ठरवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि तिनेच शिकवून तयार केलेल्या पोराच्या हाताखाली तिला बसवलं. दोन वर्षं. मुलगा, अमोल, तिला जेवताना म्हणाला, “एवढा मोठा निरोप आणि तू विसरतेस? कमाल आहे तुझी.” ती म्हणाली, “झालं खरं.” मी शेजारीच होते. ताकात मीठ घालत होते. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

मला इतके दिवस वाटत होतं, तिला माहीत नाही. तो माणूस कुणाशी बोलला ते त्याने सांगितलं नसेल, तिला वाटलं असेल आपणच विसरलो. किती सोयीचं, नाही का? गेल्या वर्षी तिने मला माझा स्वतःचा फोन आणून दिला. शेजारी बसून शिकवलं. “आई, हे लाल म्हणजे राहून गेलेला फोन. आणि हा खाली वळलेला बाण म्हणजे उचललेला. कधी आला, किती मिनिटं बोलणं झालं, सगळं इथे लिहिलेलं राहतं.” अगदी सरळ आवाजात सांगत होती, टोमणा नव्हता. मी त्या बाणाकडे बघत बसले. शनिवारी तिचा अंगठा कुठे थांबला होता, ते मला तेव्हा कळलं.

मग ती म्हणाली, “जमेल तुम्हाला. अवघड नाही.” आणि कुकर लावायला उठली.

आताही ती बाहेरच्या खोलीत आहे, फोनवर कुणाचं तरी ऐकून घेते आहे. ते काम तिला परत मिळालंय, यंदा. मी अजून बोललेले नाही.

नऊ माणसं त्या दिवशी वर आली. फोन मी उचलला होता. दोन वर्षं काढली ती मुग्धाने.