इरफानचे कान आणि माझे

तुम्ही मला बडबड्या म्हणता ना? म्हणा, खुशाल म्हणा. पण ह्याच माणसाने एकदा चाकणच्या कंपनीत तीन आठवडे तोंडातून शब्द न काढता ड्युटी केली होती. मौनव्रत वगैरे नव्हतं हो. निव्वळ गाढवपणा! आणि तोही एकट्याचा नाही, जोडीने केलेला.

चहा गार होऊ देऊ नका, सांगतो.

मी रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. मी प्रेस शॉपला सुपरवायझर. प्रेस शॉप म्हणजे काय, तर पत्र्यावर हत्ती नाचवायची जागा! गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या, ब्रॅकेट, असलं सगळं आम्ही ठोकून काढायचो. धाड, धाड, धाड! दिवसभर. कानात बोळे घातल्याशिवाय आत पाऊल टाकायची परवानगी नाही. निगडीहून कंपनीच्या बसने यायचं, कार्ड पंच करायचं, बोळे घालायचे, की आपण आणि आपलं मशीन. अजूनही ती बस चौकातून जाताना दिसली की मी हात करतो. ड्रायव्हर नवीन आहे. तो बिचारा, हे म्हातारं कोण, म्हणून बघत राहतो.

तर एक दिवस कंपनीच्या भिंतीवर मोठं पोस्टर लागलं. डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन. आमच्या फोर्कलिफ्टवाल्याने मला विचारलं, ‘‘साहेब, नवीन ऑडिट आलंय का?’’

ऑडिट नव्हतं, सगळ्या तऱ्हेच्या माणसांना सामावून घ्यायची मोहीम होती. एचआरच्या अमृता मॅडमनी, वय असेल अठ्ठावीस-तीस, प्लांट हेडशी भांडून परवानगी मिळवली होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा चार जणांना कामावर घ्यायचं, आणि तेही माझ्या लाईनवर! प्लांट हेड म्हणाले, ‘‘एक महिना बघू. ॲक्सिडेंट झाला तर बंद.’’ खोटं कशाला बोलू, मीही कुरकुर केली. ‘‘मॅडम, ह्यांना हाक मारली तर कळणार कसं?’’

मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘‘जगदाळे साहेब, तुमच्या शॉपमध्ये आत्ता हाक मारली तर कुणाला कळते?’’

 

मग आम्हा सुपरवायझर लोकांचं ट्रेनिंग झालं. त्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासमोर आपसात ओठ हलवत बसू नका, त्यांना वाटतं आपल्याबद्दलच बोलतायत. मला पटलं ते. मी ठरवूनच टाकलं, आपण लाईनवर बोलायचंच नाही. फक्त खुणा! घरी आरशासमोर उभा राहून व्हिडिओ बघून प्रॅक्टिस केली. माझी बायको सुनंदा दारातून बघून गेली आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली.

आला तो दिवस. सकाळी मॅडम माणसं घेऊन लाईनवर आल्या. मी मोजली, पाच. मॅडम काहीतरी सांगत होत्या. माझ्या कानात बोळे, बाजूला धाड धाड. मला ऐकू आलं ते एवढंच, ‘‘...ऐकू येत नाही... इरफान... मदत...’’ मी मान डोलावली. चार येणार होते, पाच आले. कंपनीचं औदार्य, दुसरं काय!

प्रत्यक्षात त्या काय म्हणाल्या होत्या ते आता ऐका. ‘‘ह्या चौघांना ऐकू येत नाही. हा पाचवा इरफान, त्याला खुणांची भाषा येते, तो मदत करेल.’’

कळलं ना? इरफानला स्वच्छ ऐकू येत होतं! लातूरकडचा पोरगा, पंचविशीचा. त्याचा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा, म्हणून ह्याला लहानपणापासून खुणा येत होत्या. नंतर कळलं, त्याने मागून मला ‘‘नमस्कार सर’’ म्हटलं होतं. बोळ्यांमुळे मला ऐकूच आलं नाही. मी वळलो, त्याच्याकडे बघितलं, हात जोडले, छातीवर बोट ठेवलं आणि मिशीवरून हात फिरवला. म्हणजे मी मिशीवाला. ही माझी ओळख.

झालं! त्या क्षणी त्याने ठरवलं, आपल्या सुपरवायझरला ऐकू येत नाही.

आणि मग दोन धडधाकट कानांची माणसं एकमेकांना खुणा करायला लागली.

एकदा तर कहर झाला. इरफान धावत माझ्याकडे आला, कंबरेखाली हात नेला आणि बोटांनी थेंब थेंब गळतंय असं दाखवलं. मी समजलो. अहो, माणूसच आहे, लागते कधी घाईची! मी प्रेमाने बाथरूमचा रस्ता दाखवला. त्याने मान हलवली, पुन्हा थेंब. मी पुन्हा रस्ता. तिसऱ्यांदा थेंब दाखवल्यावर मला काळजी वाटायला लागली. एवढ्या कोवळ्या वयात? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, घड्याळ दाखवलं, घराकडे बोट केलं. जा बाबा, अर्धा दिवस सुट्टी घे, डॉक्टरला दाखव.

शेवटी मेघाने माझं मनगट धरलं.

मेघा त्या चौघांतली एक. राजगुरुनगरची, बारीक अंगाची, डोळे घारीसारखे. तिने मला सरळ ओढत नेऊन तीन नंबरच्या प्रेससमोर उभं केलं. हायड्रॉलिकचं तेल गळून जमिनीवर तळं झालं होतं! कुणी घसरलं असतं तर तिथेच महिना संपला असता, आणि त्या चौघांची नोकरीही. मशीन बंद केलं, तेल पुसलं. मेघा माझ्याकडे आणि इरफानकडे आळीपाळीने बघून तोंड दाबून हसत होती. मला वाटलं, पोरगी खुशमिजास आहे.

दिवसभर तोंड बंद, म्हणजे घरी गेल्यावर काय होत असेल? बस स्टॉपवरून घरापर्यंत धीर निघायचा नाही. चप्पल काढायच्या आधी सुरू! सुनंदा म्हणाली, ‘‘पगार गप्प बसायचा तिकडे, आणि बोलायचा ओव्हरटाइम माझ्यापाशी?’’ पण तिलाही इरफानचं वाईट वाटायचं. एवढं गुणी लेकरू, आईपासून लांब, त्यात हे असं. शेंगदाण्याच्या पोळ्या करून द्यायची त्याच्यासाठी. तो डबा घेताना माझ्याकडे इतक्या करुणेने बघायचा की मला भरून यायचं. मला काय माहीत, तो माझी कीव करतोय!

तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना. मी एचआरला गेलो. मॅडम फोनवर होत्या. मी म्हटलं, ‘‘मॅडम, आमच्या इरफानच्या कानांचं काहीतरी बघा ना. पोरगा हुशार आहे, मशीनबिशीन बसवून मिळालं तर आयुष्य सुधारेल.’’

मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि डोळे मोठे केले. ‘‘इरफानचेही?’’

मला तो ‘ही’ तेव्हा कळायला हवा होता. नाही कळला. झालं होतं असं, की सकाळीच इरफान येऊन त्यांना सांगून गेला होता, ‘‘मॅडम, जगदाळे सरांच्या कानांचं बघा. माणूस लई चांगलाय.’’ मॅडमना वाटलं, प्रेसच्या आवाजाने माणसांचे कान जायला लागले! त्या घाबरल्या. त्याच दुपारी आम्हा दोघांना कंपनीच्या दवाखान्यात पाठवलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघं शेजारी. मी त्याला खुणेने सांगतोय, घाबरू नको. तो मला खुणेने सांगतोय, घाबरू नका. काय ती माया!

आतून सिस्टरने हाक मारली, ‘‘जगदाळे!’’

माझ्या तोंडून सवयीने निघालं, ‘‘आलो, आलो!’’ आणि त्याच वेळी, मला ऐकू गेलं नसेल म्हणून, इरफानने माझ्या खांद्यावर हात मारला.

दोघंही जागच्या जागी थिजलो.

‘‘सर! तुमी बोलायलाव?’’

‘‘अरे, तू बोलतोस?’’

‘‘मी तर जन्मापासून बोलायलोय!’’

‘‘मग तीन आठवडे काय झालं होतं?’’

‘‘तुमाला ऐकू येत नाही मनून!’’

‘‘मला? कुणी सांगितलं तुला?’’

‘‘सांगायला कशाला पायजे? तुमी खुणाच करायलाव की!’’

‘‘अरे, पण माझ्या खुणा बघितल्यास ना कसल्या आहेत त्या? जन्मभर बहिरा असलेला माणूस अशा खुणा करेल का?’’

इरफान मान खाली घालून म्हणाला, ‘‘मला वाटलं तुमी आत्ता नवीनच बहिरे झालाव. आयुष्य गेलं प्रेसवर. ह्या वयात शिकायलेत बिचारे. मी घरी पण सांगितलं, सर. अम्मी रोज दुवा मागायलीय तुमच्यासाठी.’’

आता हसू का रडू? सिस्टर बाहेर आली. ‘‘ऐकू कुणाला येत नाही?’’ तिने विचारलं. आम्ही दोघांनीही एकदम एकमेकांकडे बोट केलं.

डॉक्टरांनी तरीही तपासलंच. कानाला हेडफोन, बारीक शिट्ट्या, ऐकू आली की बटण दाबा. इरफानचे कान लख्ख. माझा कागद मात्र डॉक्टरांनी दोनदा बघितला.

‘‘जगदाळे, उजवा ठीक आहे. डाव्याने तुम्हाला खरंच कमी ऐकू येतं. बरीच वर्षं झाली असतील.’’

इरफान आधी हळहळला, मग हळूच म्हणाला, ‘‘बघा, मी काय फार चुकलो नव्हतो, सर.’’

ही बातमी लाईनवर पोचायला किती वेळ लागला असेल? आम्ही पोचायच्या आधी पोचली. चौघंही पोट धरून हसत होती. लाईनवर निरोप लिहायला एक पांढरा बोर्ड होता. मी त्यावर लिहिलं, ‘तुम्हाला माहीत होतं?’

मेघाने खाली लिहिलं, ‘पहिल्या दिवसापासून.’

‘मग सांगितलं का नाही?’

तिने बोर्डावर जागा केली. मग लिहिलं, ‘सांगितलं असतं तर तुम्ही दोघं तोंडाने बोलत बसला असता. आमच्याशी कोण बोललं असतं?’

खाली अजून एक ओळ लिहिली. आधीच्या कंपनीत ती दीड वर्ष होती. तिथे तिला सगळ्यांनी मिळून दोनच खुणा केल्या, ‘ये’ आणि ‘जा’.

मी तो बोर्ड पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईवाल्यांनी पुसला. वाईट वाटलं मला.

महिना पुरा झाला. ॲक्सिडेंट एकही नाही. मशीन थांबलं की पेटणारे लाल दिवे मेघाने सुचवले, ते बाकीच्या लाईननीही मागून घेतले. चौघंही राहिली. प्लांट हेडनी मला विचारलं, ‘‘तुमच्या लाईनवर ऐकू न येणारे एकूण किती?’’ मी चार बोटं दाखवली. मागून मेघाने स्वतःचं पाचवं बोट अर्धं वाकवून दाखवलं. साडेचार!

त्यानंतरचं ते शेवटचं वर्ष. तीस वर्षांत जेवढी मजा आली नसेल तेवढी त्या एका वर्षात आली. जेवणाच्या सुट्टीत इरफान तोंडाने लातूरच्या गप्पा सांगायचा आणि हातांनी त्याच गप्पा चौघांना सांगायचा. ताटातली भाजी गार व्हायची पोराची. आता ती लाईन दुसऱ्या शेडमध्ये हलवली म्हणतात. मी बघायला गेलो नाही. बघवणार नाही.

निरोप समारंभाच्या दिवशी मी ठरवलं, भाषण खुणांनी करायचं. आठ दिवस तयारी केली. स्टेजवर उभा राहिलो. खाली अख्खा प्लांट, पहिल्या रांगेत सुनंदा, तिच्या शेजारी मेघा. बाजूला माईक घेऊन इरफान, मी हातांनी सांगायचं आणि त्याने मोठ्याने सगळ्यांना.

मी हात हलवायला लागलो. इरफान बोलायला लागला. ‘‘मी इतकी वर्षं ओरडून ओरडून कामं करून घेतली. शेवटच्या वर्षी ह्या लेकरांनी मला समोरच्याकडे बघायला शिकवलं. मी घरी जायलोय, पण माझी नजर इथंच राहणार हाय...’’

 प्लांट हेडनी चष्मा पुसला. सुनंदा हुंदके देत होती. आणि मी? मीसुद्धा स्टेजवर रुमाल काढला. एवढं सुंदर आपण बोललो? टाळ्या थांबेनात.

खाली उतरल्यावर मेघाकडे गेलो. तिने मोबाईल काढला आणि टाइप करून माझ्यासमोर धरला.

‘सर, तुम्ही म्हणालात: जेवण. मोठं जेवण. तुम्ही सगळे मशीन. मी पाऊस. आता झोप.’

मी तिच्याच मोबाईलवर टाइप केलं, ‘मग बाकीचं भाषण?’

तिने इरफानकडे बोट दाखवलं. आणि मी मूर्ख, त्या पोराच्या भाषणाला स्वतःचं समजून रुमाल भिजवत बसलो होतो!