सिंगापूरला उतरलेले नवसाचे केस

शनिवारी सकाळी आमची बोट सिंगापूरला लागली आणि सोमवारपर्यंत सुट्टी मिळाली... बहात्तरच्या आसपासची गोष्ट. मी बोटीवर भांडी घासायला होतो. शाळा सातवीतच सुटलेली, पण घोडेगावचा गडी सिंगापूर बघणार म्हणून छाती फुगलेली!

बंदराच्या फाटकावरच अडवलं. केस खांद्यापर्यंत होते ना, आणि तिथं तेव्हा लांब केसांच्या पुरुषांना शहरात सोडत नसत... शिपायानं दोन बोटांची कात्री करून दाखवली, म्हणजे कापून ये, नाहीतर बोटीवर परत जा. आमचा मालवणी आचारी मागून हसला, "घाट्या, हिप्पी समाजले रे तुका!"

हिप्पी कसला... नवसाचे केस ते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एका खोंडानं बाबांच्या पोटात शिंग घातलं, तेव्हा आई खंडोबाला बोलली होती, "धनी उठून बसलं तर धाकट्याचं केस तुझ्या पायाशी उतरीन." बाबा उठले. पण मी एका जागी टिकेन तर ना... कधी ट्रकवर, कधी बोटीवर, दोन यात्रा चुकवल्या. देवाआधी दुसरीकडं केस उतरले तर दुखणं उलटतं, असं आमच्याकडं मानतात.

शहाणा असतो तर बोटीवर परतलो असतो. पण समोर शहर दिसत होतं... गेलो धक्क्याजवळच्या न्हाव्याकडं.

म्हातारा तमिळ होता. भाषा कळेना, म्हणून मी केसांना हात लावला, मग वर बघून हात जोडले. त्यानं उचललेली कात्री खाली ठेवली. हात धुऊन आला, माझ्या मांडीवर स्वच्छ फडकं पसरलं आणि एक केस जमिनीला लागू दिला नाही... सगळे कागदात बांधले, पुडी आधी स्वतःच्या कपाळाला लावली, मग माझ्या हातात दिली. त्यांच्यातही देवाला केस देतात, हे मला फार नंतर कळलं.

शहर म्हणाल तर... रस्ते इतके स्वच्छ की थुंकायची भीती. नदीत होड्यांची दाटी, काठावर पत्र्याच्या चाळी आणि त्यांच्या मागंच नव्या उंच इमारती. फणसाच्या भावासारखं एक काटेरी फळ खाल्लं, वास नाक धरायला लावणारा, चव मात्र खव्याची! पण हात सारखा खिशातल्या पुडीकडं जायचा आणि बाबांचं पोट डोळ्यापुढं यायचं.

दीड महिन्यानं एसटीतून उतरलो. घरी जायचा धीर होईना, म्हणून आधी जनावरांच्या बाजारात शिरलो... आणि लांबूनच बाबांचा आवाज आला. एका बैलाच्या दातांवरून कुणाशी तरी भांडत होते. मी तिथंच शेणात बसलो.

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लेका, केस कापाया येवढ्या लांब गेल्तास व्हय? घोडेगावात न्हावी न्हवता?"

घरी आईला सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता शिव्या... पण तिनं पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"न्हाव्याचं रं."

मी विचारलंच नव्हतं.

"लई येडा हाईस," एवढंच म्हणाली.

रविवारी तिनं खंडोबाच्या पायाशी पुडी ठेवली, भंडारा उधळला, घरातल्या एकेकाचं नाव घेतलं. मग शेवटी म्हणाली, "आन् त्यो तिकडचा न्हावी. त्याचं बी भलं कर देवा, नाव तुला ठावं असंलच."