चपला घातलेली अक्षरं

माझा मामा रस्त्याने निघाला की त्याला माणसं दिसत नाहीत, पाट्या दिसतात. "शी! बघ, काय केलंय बघ," म्हणत तो छत्रीच्या टोकाने दाखवतो, आणि आता मलाही तेवढंच दिसतं. बाकी इस्टेट नव्हतीच, तेव्हा त्याची किळसच काय ती माझ्या वाट्याला आली.

तरुणपणी मामाने छपाईचे टाइप ओतणाऱ्या एका कारखान्यासाठी अक्षरं काढली, शाळेच्या पुस्तकांकरता. प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाला बारीकसा आडवा पाय. धंद्यात त्याला सेरिफ म्हणतात. माझी आई म्हणायची 'चपला'. आई त्याची थोरली बहीण, अक्का. तिची नजर तेव्हापासूनच अधू, म्हणून प्रत्येक कच्चा छाप तो आधी तिच्यापुढे धरायचा. ती खिडकीत बसून वाचायची आणि अडखळली की तिथे बोट ठेवायची. "याचं पोट बुजलंय. आणि हा बघ, शेजाऱ्याच्या पायावर पाय देतोय." मामा जाऊन ते पोट मोकळं करायचा, चपला तासायचा. हलक्या कागदावर शाई पसरते, म्हणून रेघा जुळतात तिथे तो मुद्दाम खाच ठेवायचा. शेवटी अक्षर असं उतरलं की वाचताना ते दिसायचंच नाही, नुसती गोष्ट दिसायची. आमची सगळी शाळा त्यातच झाली.

पुढे कारखानदार वारला आणि त्याच्या दिवट्या पोराने ते अक्षर मागेल त्याला विकलं. तेव्हापासून ज्याला म्हणून अब्रूदार दिसायचं असतं, तो मामाच्या अक्षरांना हात घालतो. घर खाली करण्याच्या नोटिसा त्यात. टाचांच्या भेगांचं मलम त्यात. एका हॉटेलात संडासाच्या दारावर ती आडवी ताणून बसवलेली मी स्वतः पाहिली. मामा त्या हॉटेलात चहासुद्धा न घेता उठला.

पण कळस केला तो त्या काढ्याने. काळपट पाणी, तळाशी गाळ, बूच काढलं की ओल्या गोणपाटाचा वास. कंपनी कालची, आणि लेबलवर मामाच्या अक्षरांत 'पिढ्यानपिढ्यांचा विश्वास'. आईने लेबल वाचलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ ते घशाखाली घालायला लागली. तिचे पाय सुजले. अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हे आजच बंद करा आणि या गोळ्या सुरू करा. नाहीतर मूत्रपिंडं हातची जातील."

आईने गोळ्यांचं पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ही कसली अनवाणी अक्षरं? असल्यांचं औषध मी नाही घेणार."

मी काढा मोरीत ओतला. तिने शेजारणीकडून दुसरा आणवला. सख्ख्या आईची किळस यावी याचीही मला किळस आली, पण आली, खोटं कशाला बोलू?

मग मामाला बोलावलं. तो तिच्या पायांशी बसला. "अक्का, अक्षर माझं आहे, औषध त्या चोरांचं. कुणीही ते विकत घेतं गं."

"तू लावू देशील तुझं अक्षर वाईट गोष्टीला?" आई हसली. "काहीतरीच तुझं. त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या डोळ्यांखालून गेलंय. मला शिकवतोस?"

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंना विचारून आम्ही गोळ्या पाकिटांतून काढून एका काचेच्या बाटलीत भरल्या. मामाने स्वतः लेबल छापून आणलं. आपल्याच अक्षरांत, पण खरं तेवढंच: गोळीचं नाव, कशासाठी, रोज सकाळी एक.

आईने बोट फिरवत वाचलं. "हं, चपला आहेत." मग बाटली उलटसुलट केली. "पण विश्वासाचं कुठाय? त्या दुसऱ्यावर आहे. ह्या गोळ्यांना कोण ओळखतं?" आणि बाटली बाजूला सारून तिने काढ्याकडे हात नेला.

मामा उठला. मला वाटलं, आता हा भडकणार. तो चपला घालून सरळ छापखान्यात गेला. परतला तेव्हा नव्या लेबलवर वरच्या बाजूला, मधोमध, नीट अंतर सोडून छापलं होतं: 'पिढ्यानपिढ्यांचा विश्वास'. एवढं सुबक तर त्या चोरांनाही जमलं नव्हतं.

"आता कसं!" आई म्हणाली आणि तिने गोळी घेतली. मामा मोरीत जाऊन साबणाने हात धूत बसला. मी हाक मारली तरी बाहेर येईना.

आईच्या पायांची सूज हळूहळू उतरली. काढा सुटला. मामा आला की बाटली तिला त्याच्याच हातून लागते. तो देतो, पण लेबल तळहाताखाली दाबून आणि खिडकीकडे बघत.

"तुझं अक्षर आहे म्हणून घेते हो," ती दर वेळी सांगते.