सुमनकाकींच्या फोनवरचं मत

मंडळी, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आपल्या रत्नागिरीच्या गायिकेला मत द्या म्हणून मीच तुम्हाला गेले काही दिवस पिडतेय ना? एका मोबाईल नंबरला एकच मत, म्हणून आज सकाळी मी आख्खी वाडी पालथी घातली.

शेजारच्या सुमनकाकींनी हसत हसत फोन दिला आणि मागच्या दारी मासे साफ करायला गेल्या. मी ओटीपीची वाट बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. कुठलातरी लांबलचक परदेशी नंबर. ओटीपीची वेळ जाईल म्हणून मी कट केला. परत वाजला, परत कट केला.

मत पडलं. मग आठवलं, काकींचा मुलगा जहाजावर असतो. जहाज बंदराला लागलं की तेव्हाच त्याचा फोन येतो. मी उलटा लावून बघितला, लागला नाही.

काकींना सगळं सांगितलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "जिंकेल ना गो तुझी ती?"

दुपारपासून काकी फोन मांडीवर घेऊन पडवीत बसल्यात. आपली गायिका पुढे आहे. आणि तुम्ही ग्रुपवर विचारताय, अजून कोणाकोणाचे फोन मिळतील?

काय सांगू?